दिनविशेष : १३ नोव्हेंबर

२०२० : महामारीने कुलूपबंद केलेली चित्रपटगृहे बिचकतच पुन्हा उघडू लागली असता, रोहेना गेरा यांचा ‘सर’ हा चित्रपट या दिवशी भारतात प्रदर्शित झाला. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात तो २०१८ मध्येच दाखविला गेला होता. परंतु जिची ही कथा त्या मुंबईस तो पाहावयास मिळेपर्यंत अडीच वर्षे लोटली, आणि त्याचा सारा दोष महामारीच्या माथी मारता येणार नाही.

लग्न मोडलेला धनिकपुत्र अश्विन (विवेक गोम्बर) आणि त्याच्या घरी राहून काम करणारी खेड्यातील तरुण विधवा रत्ना (तिलोत्तमा शोम) यांच्यातील अनुराग हा विषय तसा जुनाच. मात्र गावी ज्यांची मुभा नाही त्या बांगड्या शहर येताच हातांत चढविणारी, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची तरतूद करून स्वतः शिवणकाम शिकू पाहणारी आणि धन्याच्या वाढदिवसास आपल्या हातचा सदरा देणारी ही रत्ना कोठेही दयेची याचक होत नाही, यातच दिग्दर्शिकेचे खरे कौशल्य आहे. कॅमेरा भिंत ओलांडून तिच्या चिंचोळ्या खोलीतून त्याच्या प्रशस्त दालनात सरकतो, तेव्हा संवादांची गरजच उरत नाही. शेजारच्या घरी कामास असलेल्या लक्ष्मीच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी आहेत. २०२१ च्या फिल्मफेअर सोहळ्यात शोम यांना समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर गेरा यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला.