१८९९ सालची सरहद : एका व्हिडिओ गेमचे गुणदोष

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "डोळे गेले आणि वेळही गेला." त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण आपली पंधरा-वीस वर्षांची मुले आज जो काही जगाचा इतिहास पाहतात, त्यातला मोठा भाग या गेममधून येतो. धर्मयुद्धांच्या काळातले जेरुसलेम, अब्बासी खिलाफतीतला बगदाद, दुसरे महायुद्ध हे सगळे त्यांनी पुस्तकाआधी पडद्यावर पाहिलेले असते. कादंबरीचे आणि सिनेमाचे आपण परीक्षण करतो, तसे या माध्यमाचेही इतिहासाच्या अंगाने व्हायला हवे. म्हणून आज 'रेड डेड रिडेम्पशन २' या गेमबद्दल लिहितो आहे.

हा गेम रॉकस्टार गेम्स या कंपनीने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी बाजारात आणला. त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. कथा १८९९ सालच्या अमेरिकेत घडते. डच व्हॅन डर लिंड नावाच्या म्होरक्याची एक टोळी आहे. बँका आणि रेल्वे लुटणे हा तिचा धंदा. त्या टोळीतला आर्थर मॉर्गन हा नायक, आणि खेळणारा त्याच्या अंगात शिरून खेळतो. गेम 'ओपन वर्ल्ड' प्रकारचा आहे, म्हणजे कथा बाजूला ठेवून खेळणाऱ्याने डोंगर, दलदल, वाळवंट, शहर कुठेही हिंडावे. गेल्या पावसाळ्यात भाच्यासोबत बसून मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि काही भाग स्वतः खेळलो.

आधी गुण. भाच्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "मामू, यातला घोडा सांभाळून न्या. मेला की मेलाच, परत येत नाही." ही गोष्ट छोटी वाटेल, पण इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मोटारीच्या आधीच्या जगात जनावर म्हणजे काय होते, हे हा गेम सांगत बसत नाही, जाणवून देतो. घोड्याला चारा घालावा लागतो, खरारा करावा लागतो. दुकानात छापील कॅटलॉग उघडून माल निवडावा लागतो. तारघर आहे, आगगाडी आहे, आणि मोठ्या शहरात विजेचे दिवे आले आहेत. एका गावात काळ पुढे गेलेला, तर दहा कोसांवर तोच काळ अडकून पडलेला. एकोणिसावे शतक संपताना जग असेच होते, अमेरिकेत आणि आपल्याकडेही.

दुसरा गुण कायद्याच्या हद्दीचा. गेममध्ये काल्पनिक नावांची पाच राज्ये आहेत. एका राज्यात गुन्हा केला की तिथे डोक्यावर इनाम लागते. हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात गेले की इनाम मागेच राहते. पुष्कळ खेळाडूंना हा खेळाचा एक नियम वाटतो. बांद्याच्या माणसाला त्यात इतिहास दिसतो.

आमचे बांदे तेरेखोल नदीच्या काठी. दक्षिणेला थोड्या अंतरावर पत्रादेवी, तिथून गोवा सुरू. आज तिथे तपासणी नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा दिसतात. पण १९६१ पर्यंत ही दोन देशांमधली सरहद होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. त्याच्याही मागे गेलो तर १८४४ साली सावंतवाडी संस्थानात फोंड सावंत तांबुळकर आणि त्याच्या मुलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. मनोहरगडाच्या परिसरात लढाया झाल्या. जेम्स आउट्रमच्या फौजेने उठाव मोडला, तेव्हा उठाववाले हद्द ओलांडून गोव्यात गेले. गोव्याच्या बाजूला सत्तरीचे राणे होते, ते पोर्तुगीजांविरुद्ध पुन्हापुन्हा उठले. १८९५ साली मोझांबिकला जायचा हुकूम मिळालेल्या मराठा शिपायांनी बंड केले, राणे त्यात सामील झाले, आणि ते मोडायला लिस्बनहून राजघराण्यातला राजपुत्र फौज घेऊन आला. आर्थर मॉर्गनच्या कथेच्या आधी फक्त चार वर्षे.

एका दप्तरात हे लोक दरोडेखोर, दुसऱ्या दप्तरात निर्वासित, आणि आजच्या पुस्तकांत स्वातंत्र्यवीर. माणूस तोच, फक्त नोंद करणारा कारकून हद्दीच्या कुठल्या बाजूला बसला आहे त्यावर नाव ठरते. गेमने ही गोष्ट अचूक पकडली आहे. त्याचा नायक ना साधा गुंड, ना रॉबिन हूड.

तिसरा गुण मला सर्वांत मोठा वाटतो, तो कर्जाचा. टोळीत स्ट्राउस नावाचा एक सावकार आहे. तो गरिबांना जबर व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. अशाच एका वसुलीत आर्थर एका आजारी शेतकऱ्याला मारहाण करतो. त्या माणसाला क्षय आहे. तोच रोग आर्थरला लागतो आणि पुढची सगळी कथा त्याच्या खोकल्याभोवती फिरते. सूद हराम का, यावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. पण व्याजाची वसुली वसूल करणाऱ्यालाही कशी खाते, हे इतक्या परिणामकारकपणे दाखवणारी कलाकृती मी क्वचित पाहिली आहे.

इथे अमेरिका आणि महाराष्ट्र एकमेकांपासून वाटतात तितके लांब नाहीत. गेममध्ये दक्षिणेकडचा एक भाग आहे, जिथे यादवी युद्धात हरलेले लोक अजून जुन्या मोठेपणात जगतात. ते युद्ध १८६१ ते १८६५ चालले. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि आपल्याकडे कापसाचा भाव चढला. शेतकऱ्याची पत वाढली, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. त्यात सरकारी सारा वाढवलेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली. हेच ते दख्खनचे दंगे. त्यातून १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

पण याच ठिकाणी गेमचा पहिला दोषही दिसतो. तो सगळे पाप एका परक्या उच्चाराच्या सावकाराच्या माथी मारतो. आर्थर त्याला हाकलून देतो आणि हिशेब मिटतो. दख्खनमध्येही लोकांचा राग मारवाडी-गुजर सावकारांच्या वह्यांवर निघाला, साऱ्याचा दर ठरवणारा साहेब मात्र सुखरूप राहिला. वाईट व्यवस्थेला एका वाईट माणसाचा चेहरा दिला की गोष्ट सोपी होते. इतिहास मात्र अर्धा राहतो.

दुसरा दोष रक्तपाताचा. नायकाला हत्येचा पश्चात्ताप होतो, तो आपल्या वहीत मनातले लिहितो, आणि पुढच्याच प्रसंगात खेळणाऱ्याला तीस-चाळीस माणसे मारावी लागतात. खरा इतिहास काय होता? ५ ऑक्टोबर १८९२ रोजी डाल्टन टोळीने कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायचा प्रयत्न केला. त्यात चार नागरिक मेले आणि पाचपैकी चार दरोडेखोर. एवढ्यावर सगळा देश हादरला, आणि ती घटना आजवर सांगितली जाते. गेममधला आर्थर न्याहारीच्या आधी याहून जास्त माणसे मारतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात दाढी करून घेतो. पश्चात्तापाला वजन हवे असेल तर मृत्यूलाही हवे. घोड्याच्या मृत्यूला या गेमने ते दिले, माणसाच्या मृत्यूला दिले नाही.

तिसरा दोष रचनेचा. जग मोकळे आहे, पण कथेचा प्रसंग सुरू झाला की मोकळीक संपते. दिलेल्या वाटेवरून थोडे बाजूला गेले की 'अपयशी' अशी पाटी येते. भाचा यावर फार चिडतो. मला मात्र हे लक्षात आले की मोकळीक हिंडण्यापुरती आहे. घडलेली गोष्ट वेगळी घडवता येत नाही.

चौथा दोष गंभीर आहे. गेममधली राज्ये काल्पनिक, शहरे काल्पनिक, आणि ज्यांची जमीन हिसकावली गेली ती मूलनिवासींची वापिटी जमातही काल्पनिक. त्यांचा वृद्ध प्रमुख शांतता मागतो, तरुण मुलगा लढायला उठतो, आणि डच आपल्या फायद्यासाठी त्या मुलाला मरणाच्या तोंडी देतो. प्रसंग मनाला चटका लावतो. पण खरा आहे तो फक्त एका कंपनीचा शिक्का. टोळीच्या मागे लागलेले पिंकर्टनचे गुप्तहेर खऱ्या नावाने आहेत. १८९२ च्या होमस्टेड पोलाद कारखान्याच्या संपात मजुरांशी लढलेली ती हीच पिंकर्टन. तिच्या आजच्या वारसांनी डिसेंबर २०१८ मध्ये नोटीस पाठवली, गेमची मालक कंपनी कोर्टात गेली, आणि एप्रिल २०१९ मध्ये पिंकर्टनने माघार घेतली. म्हणजे खासगी गुप्तहेरांना खरे नाव मिळाले आणि त्यासाठी कंपनी कोर्टाची पायरीही चढली. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे अमेरिकी फौजेने ज्या लाकोटा स्त्रिया, मुले आणि पुरुषांना गोळ्या घातल्या, त्यांच्या जागी मात्र एक बनवलेली जमात आली. त्या हत्याकांडात दीडशेहून अधिक माणसे मेली, कित्येक जाणकार हा आकडा तीनशेच्या घरात नेतात.

त्याच १८९० च्या जनगणनेचा आधार घेऊन फ्रेडरिक टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागोत मांडणी केली की अमेरिकेची सरहद आता संपली. त्याच्या लेखी सरहद म्हणजे मोकळ्या जमिनीची कड, जिच्याकडे गोरा माणूस सरकत गेला. व्हिडिओ गेमचे 'मोकळे जग' नकळत याच कल्पनेवर उभे आहे. नकाशावर ओसाड वाळवंट दिसते, खेळणारा घोडा उधळतो.

पण ते वाळवंट ओसाड नव्हते. १८५६ साली अमेरिकी लष्कराने कोरड्या प्रदेशातल्या वाहतुकीसाठी उंट आणायला सुरुवात केली. दोन खेपांत सत्तरहून अधिक उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना हाकायला उस्मानी सल्तनतीतून माणसे आली, त्यांतला एक हाजी अली. मुंबईच्या दर्ग्याशी संबंध नावापुरताच. गोऱ्या सैनिकांना हे नाव उच्चारता येईना, म्हणून तो 'हाय जॉली' झाला. १८५७ साली पश्चिमेकडच्या रस्त्याची पाहणी झाली, तिच्यात तो होता. पुढे लष्कराने उंटांचा नाद सोडला, हाजी अली तिथेच राहिला. १९०२ साली ॲरिझोनात तो वारला. क्वार्ट्झसाइट गावी त्याच्या कबरीवर १९३५ साली दगडी पिरॅमिड बांधला गेला, वर धातूचा उंट.

म्हणजे १८९९ साली, आर्थर मॉर्गन घोडा दौडवत होता त्याच वर्षी, एक म्हातारा मुसलमान उंटवाला त्या वाळवंटात हयात होता. त्याच्याही आधी, १५३९ साली, मोरोक्कोच्या अझेमूरचा गुलाम एस्तेबानिको झुनी लोकांच्या मुलखात पोहोचून मारला गेला होता. गेमच्या मुख्य कथेत असा कोणी भेटत नाही. टोळीत कृष्णवर्णीय आहे, मेक्सिकन आहे, मूलनिवासी आईचा मुलगा आहे, ही जमेची बाजू मान्य. पण गेमने त्या मुलखाचा जो भाग सर्वांत ओसाड ठेवला, तिथेच आपला माणूस राहत होता.

ही तक्रार केवळ 'आमचा माणूस का नाही' एवढीच नाही. सरहदीवर राहणाऱ्यांना ठाऊक असते की सरहद रिकामी नसते, तिला रिकामी म्हणणारा दूर बसलेला असतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने किनाऱ्याचे वर्णन लिहिले, त्यात बांदे व्यापारी गाव म्हणून येते, मुसलमान आणि हिंदू दोघांच्या वस्तीचे. विजापूरकरांच्या काळात त्याला आदिलाबाद म्हणत. त्या काळातला घुमट अजून इथे उभा आहे. गोव्याकडे जाणारी हजारो वाहने रोज जवळून जातात आणि प्रवाशांना फक्त नाका दिसतो.

आता आपल्या देशातही ऐतिहासिक गेम बनू लागले आहेत, पुण्यात आणि मुंबईत त्यावर काम करणारी मुले आहेत. उद्या कोणी कोकणच्या सरहदीवर गेम केलाच, तर त्यात घोड्याची आयाळ किती खरी दिसते याची चिंता मला नाही, ते तंत्र येईल. त्यात घाटावरून माल आणणारा तांडा, खाडीतला मुसलमान तांडेल, हद्द ओलांडून आलेले बंडखोराचे कुटुंब आणि खत जाळणारा कुणबी ही माणसे नावानिशी असतील का, हा प्रश्न आहे. की घुमट फक्त चढून उडी मारण्यापुरता, आणि त्याच्या आसपास राहणारे फक्त तलवारीने कापण्यापुरते असतील?

पालकांना माझे सांगणे एवढेच, गेम बंद करा म्हणण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा. हा खास प्रौढांसाठीचा गेम आहे, लहानांच्या हाती देऊ नये, हे आधी सांगतो. पण मुलगा मोठा असेल तर त्याला विचारा, या नकाशात ओसाड दिसणारी जागा कोणती, आणि तिथे खरोखर कोण राहत होते? भाच्याला मी हेच विचारले. हाजी अलीची कबर त्याने स्वतः शोधून काढली. सध्या तो तेरेखोलच्या खाडीचा जुना नकाशा शोधतो आहे.