योगदान की वसुली?

१० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमन्टरी येथे सोन्याचा खिळा ठोकला गेला आणि पूर्व व पश्चिम अमेरिका लोहमार्गाने जोडली गेली. पश्चिमेकडून हा मार्ग बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या मजुरांपैकी सुमारे ९० टक्के चिनी होते. सिएरा नेवाडाचा कातळ त्यांनी फोडला. हिमकड्यांखाली आणि सुरुंगांत किती गेले, याची मोजदाद कंपनीने ठेवली नाही.

जून १८६७ मध्ये या मजुरांनी गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास मागून संप केला. कंपनीने त्यांचे अन्न तोडले. आठवडाभरात संप मोडला. बहिष्काराचे हे हत्यार आपल्याला अनोळखी नाही.

पुढे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश आणि चिनी माणसाला नागरिकत्व नाकारले. ही बंदी १९४३ मध्ये उठली. १९६९ च्या शताब्दी सोहळ्यात वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी बोगद्यांचे श्रेय ‘अमेरिकनां’ना दिले. ज्यांना अमेरिकन होऊच दिले नव्हते, त्यांचा उल्लेखही नाही! आणि व्होल्पी स्वतः इटालियन स्थलांतरितांचे पुत्र. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने या मजुरांना आपल्या सन्मान-दालनात स्थान दिले.

हा गौरव हवाच. पण ‘योगदान’ हा शब्द सावधपणे वापरावा. दान स्वखुशीने देतात. येथे श्रम वसूल केले गेले. सन्मानपत्रावर सोन्याच्या खिळ्याच्या तारखेशेजारी संपाचीही तारीख कोरली जाईल, तेव्हाच तो इतिहास होईल.