पावणेचार इंची माणसं

माझ्या कपाटात 'स्टार वॉर्स'चे जुने अमेरिकन बाहुले, लिओचा ही-मॅन आणि फनस्कूलचे जी. आय. जो एकाच फळीवर उभे आहेत. ओळखीचे संग्राहक म्हणतात, यांना वेगळं ठेवा, हे तीन वेगळे विषय आहेत. मला ते पटत नाही. हे एकाच घराण्यातले आहेत, आणि त्या घराण्याची एक शाखा आमच्या भिवंडीपर्यंत कशी आली, ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला 25 मे 1977 ला. त्याच्या खेळण्यांचा परवाना मॅटेलसारख्या बलाढ्य कंपनीने आधीच नाकारला होता. तो घेतला सिनसिनाटीच्या केनरने. सिनेमा असा काही चालला, की नाताळापर्यंत माल तयार होणं शक्यच नव्हतं. तेव्हा केनरने दुकानांत एक पाकीट ठेवलं. आत पुठ्ठ्याचा देखावा आणि एक प्रमाणपत्र. ते पोस्टाने पाठवलं की पुढच्या वर्षी ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू घरपोच. न बनलेल्या खेळण्यासाठी लोकांनी पैसे मोजले! 1978 मध्ये पहिले बारा बाहुले बाजारात आले.

केनरचा खरा निर्णय उंचीचा होता. 1964 चा मूळ जी. आय. जो हा सैनिक बाहुला जवळजवळ बारा इंची होता. त्या मापाचा हान सोलो केला असता, तर त्याला बसायला लागणारं यान घरात मावलं नसतं आणि कुणाला परवडलंही नसतं. म्हणून माणसं पावणेचार इंचांची झाली, यानं आटोक्यात आली आणि पोरं एकाऐवजी दहा-दहा बाहुले जमवू लागली.

पुढे 1982 साली दोन गोष्टी घडल्या. हॅस्ब्रोने जी. आय. जो पुन्हा आणला तो याच पावणेचार इंचांत. आणि परवाना नाकारणाऱ्या मॅटेलने स्वतःचा नायक उभा केला: साडेपाच इंचांचा, दंड फुगलेला ही-मॅन. एका कंपनीच्या होकारातून एक शाखा निघाली, दुसरीच्या नकारातून दुसरी.

केनरच्या बाहुल्यांचे परवाने मेक्सिकोत लिली लेडीकडे, जपानात ताकाराकडे गेले. भारत त्या यादीत नव्हता. परदेशी खेळणी सरळ मागवण्याचीही सोय नव्हती, कारण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीला परवाना लागे. या आयातीवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध उठले ते 1 एप्रिल 2001 ला. आमच्या गल्लीत परदेशी खेळणं दिसे ते कुणाचा तरी मामा कुवेतहून आला तरच. म्हणून जे आलं ते इथे बनून आलं. व्हीआयपी सुटकेसवाल्या समूहातल्या ब्लो प्लास्टने मॅटेलशी हातमिळवणी करून लिओच्या नावाने ही-मॅन काढला. दूरदर्शनवर ही-मॅनची मालिका लागायची, तेव्हा जाहिरातीची वेगळी गरज नव्हती. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल उभी राहिली आणि गोव्यातल्या कारखान्यात जी. आय. जो बनू लागला. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग पुष्कळदा इथले. अमेरिकेत करडा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगाचा निघे. लहानपणी तो रंग आम्हाला खटकला नाही. आम्हाला दुसरा माहीतच नव्हता.

माझे वडील भिवंडीच्या नारपोलीतल्या एका मागाच्या कारखान्यात कोऱ्या कापडाचे तागे तपासत. ताणा कुठे तुटला, बाणा कुठे सुटला हे ते बोटांनी ओळखत, आणि इंचातले धागे मोजायला त्यांच्या खिशात घडीचं एक लहानसं भिंग असे. ते भिंग आता माझ्याकडे आहे, आणि संग्रहाच्या कामात मला त्याच्याइतकं उपयोगी काहीच नाही.

याचं कारण जावा. 'स्टार वॉर्स'मधले हे बुटके भंगारवाले. पहिल्या बारांत त्यांचा बाहुला होता आणि त्याच्या अंगावर पातळ व्हिनाइलची झूल होती. इतक्या लहान बाहुल्याला इतरांइतकीच किंमत, आणि वर ती झूल स्वस्तातली वाटे. म्हणून केनरने लवकरच ती काढून कापडाचा डगला शिवला. आता व्हिनाइलचा जावा दुर्मीळ आणि अतिशय महाग आहे. बनावट करणारे ओबी-वान केनोबीची मोठी झूल कापून जावाला चढवतात, म्हणून कापलेली कड बघावी लागते. कापडाचा जावा घेताना मी वीण, शिवण आणि टोपीची घडी भिंगाखाली धरतो. नव्या कापडाचा डगला जुन्या बाहुल्यावर चढवलेला असला तर कापडाच्या गावात वाढलेल्या माणसाला ते कळतं.

जी. आय. जोचं दुखणं वेगळं. त्याचं धड आणि पाय आतल्या एका काळ्या रबरी कड्याने जोडलेले असतात. वर्षांनी ते कडं सुकतं, तुटतं आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. पाठीचा एक स्क्रू काढून नवं कडं घातलं की तो उभा राहतो. अंगठा मात्र तुटला की तुटला. बंदूक घट्ट बसवायची घाई त्याला भोवते. अंगठे शाबूत असलेला फनस्कूलचा सैनिक मिळाला, तर मी किमतीवरून घासाघीस करत नाही.

अमेरिकेत 1994 ला जी. आय. जोची ती मालिका थांबली, फनस्कूलची मात्र चालू राहिली. तेव्हा तिकडचे संग्राहक भारतातून माल मागवू लागले. फनस्कूलच्या रंगभेदांच्या सविस्तर याद्याही त्यांनीच केल्या. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आपल्या देशात बनलेल्या, आपल्या पोरांनी खेळलेल्या वस्तूची नोंद आपण केली नाही, ही उणीव मला फार लागते.

आणि इथे ती वस्तू झपाट्याने संपते आहे. माळ्यावरचं पोतं भंगारवाल्याकडे जातं, तिथून प्लास्टिक दळायला, आणि त्याचा दाणा होतो.   बाहेरून जुना माल मागवणं महाग झालं आहे: खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. म्हणजे भारतात आज जे जुने बाहुले उरलेत, तेच आपलं भांडवल.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पोतं देण्याआधी उघडून बघा. बाहुल्याइतकाच त्याचा फाटका पुठ्ठा आणि बारीक बंदूकही मोलाची असते. आणि लिओच्या किंवा फनस्कूलच्या कारखान्यात त्या काळी रंगकाम, जुळणी, पॅकिंग केलेलं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल, तर त्यांना कुठला रंग का बदलला ते विचारा आणि लगेच लिहून घ्या. त्या माणसांची वयं आता साठीच्या पुढची आहेत.