टकलाचं मूळ ताटात

बायांनो, केस गळले की आपण तेल बदलतो. पण डिसेंबर 2024 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव-कालवड भागात, तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडलं. संशय पाण्यावर, शाम्पूवर गेला. डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्त, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. सेलेनियम फार जास्त, जस्त कमी, असं त्यांनी सांगितलं. सेलेनियम अंगाला लागतंच, पण कणभर. वाढलं की केस जातात, नखंही. पोरींचं कॉलेज सुटलं, ठरलेली लग्नं मोडली. टकलापेक्षा हेच आम्हाला जास्त लागलं.

1972 च्या दुष्काळात आपल्या आज्यांनी अमेरिकेचा मिलो खाल्ला. हा गहू पंजाबचा, असं डॉक्टर म्हणाले. बुटीबोरीतही भाकर मागे पडून पोळी आलीच. तिकडे गहू थांबवल्यावर काहींचे केस पुन्हा उगवू लागले.