वडाचे सूत

शहापूर-मुरबाडच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेस सुवासिनी वडाला सुताचे फेरे घालतात. या सुताचा इतिहास आपण शोधू लागलो, तर महाभारताच्या वनपर्वात सावित्री भेटते, तिचे त्रिरात्र व्रतही भेटते. वडाला सूत मात्र तेथे नाही. ते पुढील व्रताचाराने आणले. पश्चिमेत झाडाखांबांना रंगीत लोकरीने मढविण्याची टूम अगदी अलीकडची. २००५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी मॅग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणकाम चढविले आणि ती पसरली. तेथे हेतू शोभेचा, येथे आयुष्याचा. वृक्ष दोहींकडे सर्वांचा. शहरांत मात्र आपण बाजारातून फांदी आणून घरी पुजतो. दीर्घायुष्य मागण्यासाठी वडच तोडावा, हे कोणते व्रत? सुताआधी आपण वड राखला पाहिजे.