प्लॅश : एक नाद, दोन कुळे

इंग्रजीच्या मोठ्या कोशात ‘प्लॅश’ हा शब्द शोधू जावे, तर तो एकाहून अधिक वेळा भेटतो. एका नोंदीत त्याचा अर्थ उथळ डबके, पाणी उडणे आणि त्या उडण्याचा हलका आवाज असा दिलेला असतो. दुसऱ्या नोंदीत पाण्याचा थेंबही नाही. तेथे जिवंत झाडाच्या फांद्या अर्धवट छेदून, वाकवून, एकमेकींत गुंफून कुंपण उभारणे हा अर्थ आहे. अक्षरे तीच, उच्चारही तोच. तरीही कोशकारांनी या दोघांना भिन्न शब्द मानून निरनिराळी नोंद दिली. ज्या ऑक्सफर्ड कोशाचे भाग १८८४ पासून १९२८ पर्यंत प्रसिद्ध होत राहिले, त्यातील ‘पी’ या अक्षराचे संपादन जेम्स मरे यांनी केले. अशा शब्दांची कुळे निवडून वेगळी करणे हा त्या कोशाच्या कामाचा एक मोठा भाग होता, आणि वाचकाच्या ध्यानी सहसा न येणाराही.

पाण्याचा ‘प्लॅश’ आधी पाहू. ‘पाणी उडवणे’ या अर्थाचे ‘स्प्लॅश’ हे क्रियापद आज जगभर रूढ आहे. ‘प्लॅश’ हा त्याचा वडीलधारा. ‘स्प्लॅश’ लिखित इंग्रजीत दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या आरंभी. जुन्या ‘प्लॅश’च्या अग्रभागी जोर देण्यासाठी ‘स’कार जोडला गेला आणि नवा शब्द घडला, असे बहुतेक कोश मानतात. ‘क्रंच’पासून ‘स्क्रंच’ झाला तो याच रीतीने. ‘प्लॅश’ मात्र थेट प्राचीन इंग्रजीपर्यंत पोचतो, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ डबके, साचलेले उथळ पाणी, एवढाच आहे. पाणी उडण्याची क्रिया आणि तिचा ध्वनी हे अर्थ सोळाव्या शतकात पुढे आले. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात ल्युसेन्शिओ आपण पिसा नगर सोडून पाडुआत आलो हे सांगताना उथळ ‘प्लॅश’ टाकून खोल पाण्यात उडी घेणाऱ्या तृषार्ताची उपमा देतो. तेथील ‘प्लॅश’ अगदी निःशब्द आहे.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. या शब्दाच्या व्युत्पत्तीपुढे कोशात ‘बहुधा ध्वन्यनुकारी’ असा शेरा असतो. परंतु ज्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ स्थिर, मूक पाणी हा आहे, तो कोणत्या ध्वनीचे अनुकरण करीत होता? पाय पडताच डबक्यातून जो आवाज निघतो त्यावरून डबक्याला नाव पडले, असे म्हणता येईल. मराठीतल्या ‘पचपच’, ‘छपछप’, ‘डुबुक’ यांची सवय असलेल्या कानाला ते पटतेही. तथापि पटणे म्हणजे पुरावा नव्हे. डच भाषेतील सख्खा भाऊ ‘प्लास’ याची साक्ष काढली तरी तीच गोष्ट. पावसाने साचलेले डबके आणि विस्तीर्ण जलाशय दोन्हींना तेथे ‘प्लास’ म्हणतात. उट्रेख्तजवळचे लोसड्रेख्तचे ‘प्लासेन’ ही तर पीट नावाची जळाऊ माती खोदून काढल्यामुळे झालेली तळी आहेत. (त्याच शब्दापासून आलेले क्रियापद आज डच घरांत लघुशंकेसाठी वापरतात. तेथे ध्वन्यनुकाराचा पक्ष किंचित बळावतो, हे मान्य केले पाहिजे.)

हा वाद आपल्याला परका नाही. यास्काच्या निरुक्तात कावळ्याच्या नावाचा विचार करताना ते नाव आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ आढळते, असे म्हटले आहे. लगेच औपमन्यवाचे विरुद्ध मत नोंदवले आहे की, शब्दांत ध्वन्यनुकरण मुळी नसतेच. १८६१ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत मॅक्स म्युलर यांनी भाषेच्या ध्वन्यनुकारी उत्पत्तीच्या मताला कुत्र्याच्या भुंकण्यावरून थट्टेचे नाव दिले. पुढे सोस्यूर यांनी फ्रेंचमधील दोन मार्मिक उदाहरणे दिली. चाबकाला तेथे ‘फ्वे’ म्हणतात आणि मृत्युघंटेच्या नादाला ‘ग्ला’. दोन्ही शब्द ऐकताच वस्तूचा आवाज कानी येतो. परंतु पहिल्याचे मूळ लॅटिनमधील बीच वृक्षाच्या नावात आहे आणि दुसऱ्याचे रणशिंगाच्या इशाऱ्यात. काळाच्या ओघात उच्चार झिजत झिजत योगायोगाने नादाशी जुळून आले.

‘प्लॅश’चे दुसरे कूळ या संदर्भात फार बोलके आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील विणणे, गुंफणे या अर्थाच्या धातूत आहे. ‘प्लीच’ हे त्याचेच भावंड. येथे कानाचा काही संबंध नाही, सारे काम हाताचे. हिवाळ्यात झाडाचा रस मंदावला असता कुंपणातील खोड बुंध्याशी तिरपा घाव घालून जवळजवळ आरपार छेदायचे, सालीची आणि लाकडाची एक पातळ पट्टी मात्र शाबूत ठेवायची. त्या पट्टीवर खोड जगते. मग ते आडवे लववून, ठरावीक अंतरावर ठोकलेल्या खुंटांतून ओवून घ्यायचे. काही ठिकाणी वरच्या कडेला लवचीक काठ्यांचा वेढाही देतात. वसंतात कापलेल्या बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि गुराढोरांना शिरता येणार नाही अशी जिवंत वई तयार होते. घाव खोल गेला तर खोड मरते, उथळ राहिला तर वाकताना मोडते. जॉन एव्हलिन यांनी १६६४ च्या ‘सिल्वा’ या वृक्षविषयक ग्रंथात या कामाचा विचार केला आहे. त्याहून पुष्कळ आधी, इ. स. पू. ५७ च्या मोहिमेचे वर्णन करताना, नर्व्ही लोक कोवळी झाडे छेदून, वाकवून, काटेरी झुडपे मध्ये भरून भिंतीसारखी कुंपणे करतात, असे सीझरने लिहून ठेवले. विणलेल्या कुंपणाने वेढलेल्या जागेला फ्रेंचमध्ये ‘प्लेसी’ नाव पडले. कार्डिनल रिशल्य यांचे कुलनाम ‘द्यू प्लेसी’ होते ते यावरूनच.

शेक्सपिअरपाशी ही दोन्ही कुळे नांदतात, हे सहसा कोणी सांगत नाही. डबक्याचा ‘प्लॅश’ वर आलाच. ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये गुंफलेल्या वेलींचा मांडव ‘प्लीच’ केलेला आहे आणि ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये पराभूताचे बांधलेले हातदेखील त्याच क्रियापदाने वर्णिले आहेत.

पुढे दोन्ही शब्दांना ओहोटी लागली, पण कारणे निराळी. पाण्याच्या ‘प्लॅश’ची जागा थोरल्या आवाजाच्या ‘स्प्लॅश’ने घेतली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील ठळक बातमीही ‘स्प्लॅश’ झाली, आणि १९६७ मध्ये डेव्हिड हॉकनी यांनी जलतरण तलावाचे जे प्रख्यात चित्र काढले त्याच्या नावातही तोच आला. ‘प्लॅश’कडे कारंजी, वल्ही आणि संध्याकाळ एवढीच काव्यमय मिरास उरली. कुंपणाच्या ‘प्लॅश’ला कोणा प्रतिस्पर्ध्याने हटवले नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक शेतीसाठी मैलोगणती कुंपणे उपटली गेली आणि ते काम जाणणारे हातच कमी झाले. ती कला जगावी म्हणून १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नावात मात्र ‘प्लॅश’ नाही. ‘हेज-लेइंग’ हा सरळ शब्द आहे.

ग्रामनामांत दोघेही टिकून आहेत. डॉर्सेटमधील मेलप्लॅश या गावाच्या नावाचा अर्थ गिरणीजवळचे तळे असा सांगतात. पूर्व लंडनमध्ये ईस्ट हॅम येथे प्लॅशेट नावाचा भाग आहे. तुरुंगसुधारणेसाठी ख्यातनाम असलेल्या एलिझाबेथ फ्राय १८०९ पासून १८२९ पर्यंत तेथील प्लॅशेट हाउसमध्ये राहत होत्या. जुन्या इंग्रजीत लहान डबक्यालाही ‘प्लॅशेट’ म्हणत, म्हणून हे नाव पाण्यावरून पडले असावे असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. स्थलनामांचे अभ्यासक मात्र ते विणलेल्या कुंपणाच्या फ्रेंच शब्दाशी जोडतात. आज त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर साड्यांची आणि मिठाईची भारतीय दुकाने आहेत, आणि प्लॅशेट रोड ही पाटी तेथे अजून आहे.