मेनुआ राजाचा कालवा आणि वानचा खडक

राजाची कीर्ति त्यानें रचलेल्या दगडांइतकीच टिकते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर पूर्व तुर्कस्थानांतील वान सरोवराच्या कांठीं जावें लागेल. तेथें सपाट मैदानांतून एक लांबट, अरुंद खडक एकदम वर आला आहे. लांबी एक किलोमीटरहून अधिक, उंची सुमारें १०० मीटर. दक्षिणेची बाजू तर तासून काढल्यासारखी उभी. माथ्यावर दिसणारे बहुतेक तट मागाहून आलेल्या राज्यकर्त्यांचे आहेत. परंतु खडकांतच पायऱ्यापायऱ्यांनीं कोरलेल्या जुन्या भिंतींच्या बैठका आणि कड्याच्या पोटांत खोदलेलीं दालनें हीं उरार्तूच्या राजांचीं. त्यांची राजधानी तुश्पा ती हीच.

उरार्तू हें नांव असीरियन लोकांनीं दिलेलें. बायबलांतील ‘अरारात’ तें हेंच. तेथील राजे मात्र आपल्या देशास ‘बियाइनिली’ म्हणत, आणि ‘वान’ हा त्याच शब्दाचा अवशेष होय. इ. स. पूर्वीं नवव्या शतकाच्या मध्यापासून दोन शतकांहून अधिक काळ या डोंगराळ राज्यानें असीरियासारख्या बलाढ्य शत्रूस तोंड दिलें. इ. स. पू. ७३५ च्या सुमारास तिसऱ्या तिग्लथपिलेसरनें तुश्पास वेढा घातला, पण खडकावरील किल्ला त्याच्या हातीं लागला नाहीं. नगरासमोर आपली प्रतिमा उभारून तो परत गेला.

खडकाच्या पायथ्याशीं पहिला लेख कोरविला तो पहिल्या सार्दुरीनें, आणि तोही शत्रूच्या, म्हणजे असीरियन भाषेंत. मेनुआ हा त्याचा नातू. इ. स. पू. ८१० ते ७८५ च्या सुमाराचा त्याचा काळ. पश्चिमेस फुरात नदीपर्यंत त्याचे लेख सांपडतात. उत्तरेस अरारात पर्वताच्या पायथ्याशीं त्यानें मेनुआहिनिली नांवाचें ठाणें वसविलें. त्याच्या लढायांची जंत्री आम्ही येथें देत नाहीं. तशी ती प्रत्येक राजाची असते. मेनुआचें खरें काम पाण्याचें आहे.

वान सरोवराचें पाणी सोड्याचें, पिण्यास किंवा शेतीस निरुपयोगी. डोळ्यांसमोर समुद्रासारखा जलाशय आणि राजधानीस गोड्या पाण्याची चणचण, अशी ती स्थिति होती. मेनुआनें आग्नेयेकडील डोंगरांतला एक विपुल झरा हेरला आणि त्याचें पाणी सुमारें ५० किलोमीटर दूर वानच्या मैदानांत आणलें. इतक्या लांबीच्या कालव्यांत उताराचा अंदाज थोडा जरी चुकता, तरी सारें श्रम वायां जाते. डोंगराच्या कुशीनें कालवा नेतांना जेथें आधार नव्हता, तेथें प्रचंड शिळा चुन्यावांचून एकावर एक रचून भिंती घातल्या. त्यांपैकीं कांहीं अठ्ठावीसशें वर्षांनंतरही उभ्या आहेत.

या भिंतींवर दहाहून अधिक ठिकाणीं लेख आहेत. खाल्दी देवाच्या सामर्थ्यानें इश्पुइनीपुत्र मेनुआनें हा कालवा काढला, याचें नांव मेनुआचा कालवा, असें सांगून मोठे लेख शापाकडे वळतात. जो हा लेख फोडील, जो दुसऱ्याकडून तसें करवील, त्याचा खाल्दी, पर्जन्यदेव तेइशेबा आणि सूर्यदेव शिविनी नायनाट करोत! आपल्याकडील ताम्रपटांच्या अखेरीस येणारे शाप ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु येथें आणखी एक कलम आहे. ‘हें काम मीं केलें’ असें जो दुसरा कोणी म्हणेल, त्यासही हाच शाप! आपल्या दानपत्रांस धास्ती असते ती जमीन हिरावणाऱ्याची. मेनुआस धास्ती होती ती श्रेय हिरावणाऱ्याची.

आपल्या प्रत्येक गोष्टीवर नांव घालण्याची या राजास हौसच होती, असें दिसतें. आर्सिबिनी नांवाचा त्याचा घोडा एके ठिकाणीं २२ हात लांब उडाला, एवढ्यासाठीं त्यानें एक दगड कोरविला. एका द्राक्षमळ्याचा लेख तारिरिया नांवाच्या स्त्रीचा आहे. ती त्याची राणी कीं कन्या, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. सगळ्या विजयलेखांपेक्षां हे दोन दगड आम्हांस अधिक बोलके वाटतात.

पुढें राज्य लयास गेलें, भाषा मेली, आणि लिपि वाचणारा कोणी उरला नाहीं. इराणचा सम्राट झर्क्सीस यानें याच कड्यावर तीन भाषांत एक लेख कोरविला. ही जागा माझ्या वडिलांनीं, दारयवहूनें, तयार करविली, पण तीवर कांहीं लिहिलें नाहीं. तें मीं लिहविलें, असें तो सांगतो. मेनुआच्या शापाची वार्ताही नसतांना तो इतक्या काटेकोरपणें पाळणारा हा राजा विरळा! इतरांच्या हातून तसें झालें नाहीं.

आर्मेनियन इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी, ज्यास परंपरा पांचव्या शतकांत घालते, त्यानें या स्थळाची कथा दिली आहे. असीरियाची राणी शमिराम, म्हणजे ग्रीकांची सेमिरामिस, आर्मेनियाच्या सुंदर आरा राजावर भाळली. तो लढाईंत पडला. पुढें त्या देशाची शीतल हवा पाहून तिनें उन्हाळ्यासाठीं सरोवराकांठीं नगर वसविलें, पाणी आणलें, आणि मेणावर लिहावें तशीं खडकावर अक्षरें लिहविलीं. कथा सुंदर आहे खरी. पण सेमिरामिसच्या आख्यायिकेमागची खरी स्त्री बहुधा शम्मुरामत, आणि ती मेनुआच्याच काळीं असीरियाच्या राजवाड्यांत होती. श्रेय गेलें तें शत्रूच्या घरीं! शाप तरी कोणास लागावा? ‘हें मीं केलें’ असें ती बिचारी कधीं म्हणालीच नव्हती. तिच्या वतीनें लोक म्हणाले.

खोरेनात्सीचा हाच मजकूर वाचून पॅरिसमधील एका पंडिताचें लक्ष वानकडे गेलें, आणि फ्रेंच सरकारनें शुल्ट्स नांवाच्या जर्मन विद्वानास तिकडे पाठविलें. शमिरामच्या शोधांत गेलेल्या या मनुष्यानें ४२ लेखांच्या नकला उतरून घेतल्या. १८२९ सालीं कुर्दिस्तानांत त्याचा खून झाला. कागद मात्र पॅरिसला पोंचले व १८४० सालीं छापले गेले. अक्षरें हळूहळू ओळखूं आलीं, पण भाषा कोणास उमगेना. कारण ती ना सेमिटिक, ना आर्य. १८८० सालीं गीयार या फ्रेंच पंडिताच्या ध्यानांत आलें कीं, अनेक लेखांच्या शेवटीं तेच तेच शब्द येतात, आणि त्यांची ठेवण असीरियन शापांसारखी आहे. हा धागा हातीं येतांच १८८२ सालीं इंग्रज पंडित सेस यानें लेखांचीं भाषांतरें प्रसिद्ध केलीं. शाप देवांनीं पाळला कीं नाहीं, तें असो. राजाचें नांव परत मिळालें तें त्याच शापाच्या शब्दांवरून.

खडकाच्या दक्षिणेस वसलेलें जुनें वान नगर १९१५ सालच्या युद्धांत व आर्मेनियन लोकांच्या संहारांत उद्ध्वस्त झालें. आतां तेथें गवतानें झांकलेले उंचवटे आणि थोड्याशा इमारतींचे अवशेष आहेत. शमिरामची कथा पिढ्यान् पिढ्या सांगणारे लोक तेथून नाहींसे झाले. कालव्याच्या बऱ्याच भागांतून मात्र पाणी अजून वाहतें. पंडितांच्या ग्रंथांत तो मेनुआचा कालवा. त्या पाण्यावर मळे भिजविणारे वानकडील शेतकरी त्यास शामरान म्हणतात.